मच्छर मारायच्या बॅटची तार

पोत्यात काहीतरी लांबट गुंडाळून तो दुकानात शिरला, तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "सबमर्सिबल? तिकडे कोपऱ्यात ठेवा. आठ दिवस लागतील."

त्यानं निमूटपणे ठेवलं. आणि कोपऱ्यातून आवाज आला — झणण्...

सबमर्सिबल पंप वाजताना मी कधी ऐकला नव्हता. मान वर झालीच.

"मोटर नाई हो," तो ओशाळून म्हणाला. "गिटार हाये."

ही २००९ च्या मार्चमधली गोष्ट. अर्जुनी मोरगावात आमचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान. बाबा, म्हणजे केशोराव, आणि मी, आचल, अशी दोघंच कारागीर. उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस, त्यात व्होल्टेजचा पत्ता नाही. रोज चार मोटरी जळून यायच्या. अशात हा गिटारवाला!

राजदीप त्याचं नाव. राहायचा प्रतापगडला, कामाला इथल्या झेरॉक्सच्या दुकानात आणि जीव मात्र भीमगीतांच्या मंडळात. चौदा एप्रिलचा कार्यक्रम तोंडावर आला होता.

"माईक लावला तं गिटारपेक्षा ढोलकीच जास्त येते," त्यानं सांगितलं. "तारांखाली लोहचुंबक अन् बारीक तारेची कॉइल बसवली, का सीधा ॲम्प्लिफायर मशीनमधून आवाज निघते. पिकअप म्हणतेत त्याले." चुंबकं त्यानं फुटक्या स्पीकरांची आणली होती आणि तार गुंडाळायची तीन-चार बॉबिनं शाळेच्या पट्ट्या कापून बनवली होती.

"किती टर्न, म्हंजे वेढे?"

"पाच हजार."

"पाच हजार? एवढ्यात तं आख्ख्या गावच्या मोटरी भरून होतीन!"

"मंग सावकाश भरा ना... मले घाई नाई."

हे तो कॉइलकडे बघून नाही, माझ्याकडे बघून म्हणाला. मी उगाचच पक्कड शोधायला लागले. पक्कड हातातच होती.

पहिली कॉइल मी पंख्याच्या तारेची केली. ती जाड पडली, हजार टर्नमध्येच बॉबिन भरलं. दोन दिवसांनी तो हजर. "आवाज बारीक येऊन राहिला." खरंच असणार, मलाही वाटलंच होतं. मग जुन्या स्टॅबिलायझरचा रिले फोडून त्यातली बारीक तार काढली. पाच हजार टर्न, मीटरवर काटा एकदम बरोबर जागी. तरी तो परत आला. "मुका हाये जी."

आता बाबांचा एक नियम सांगायला हवा. परत आलेलं काम दारासमोरच्या फळीवर ठेवायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आणि एका हंगामात तीन कामं परत आली, की त्या कारागिराचा हात बंद. त्या हंगामात मोटर भरायची नाही. माझं दोन वर्षांत एकही काम परत आलं नव्हतं. पोरीच्या हातची मोटर नको म्हणणारे लोक आता कुठे गप्प झाले होते.

आणि फळीवर दोन पिकअप जाऊन बसले!

तिसऱ्या खेपेला तो मच्छर मारायची बॅट घेऊन आला. "याच्यातल्या ट्रान्सफॉर्मरची तार केसावानी हाये."

"अन् घरी मच्छर?"

"चावतेत. माय शिव्या देऊन राहिली."

ती तार इतकी नाजूक, की एकट्यानं गुंडाळणं अशक्य. तो समोर बसला, रीळ पेन्सिलीवर अडकवून. दोन बोटांमधून तार सोडत होता, मी हँडल फिरवत होते. तार उडू नये म्हणून पंखा बंद. त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंब भुवईपाशी येऊन थांबला... आणि माझं सगळं लक्ष त्या थेंबात.

"ताण एकसारखा ठेव. हात कापून राहिला तुया."

"हातच नाई फक्त..." तो पुटपुटला.

टक्कन तार तुटली.

"तुटली," मी म्हटलं.

"कोणामुळं?"

मी ब्लेडनं टोकं खरवडली, जोड दिला आणि पुन्हा मोजायला लागले. त्या दिवशी तार सात वेळा तुटली. खरं सांगू? आठव्यांदाही तुटावी असं वाटत होतं.

तीन दिवसांनी ती कॉइलही परत आली. मुकी.

बाबांनी पिकअप फळीवर ठेवला आणि माझ्या हातातलं वाइंडिंगचं काम काढून घेतलं. मी काउंटरवर बसले. शेतकरी फळीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला रडायला येत होतं आणि समजत मात्र काहीच नव्हतं. मीटर खोटं बोलत नाही. हा मुलगाही खोटं बोलणारा वाटत नव्हता. मग चुकत होतं कोण? आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्याची वाट मी का पाहत होते?

संध्याकाळी मी तिसरा पिकअप उचलला आणि थेट आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात गेले. मंडळाची तालीम चालू होती.

"लाव," मी राजदीपला म्हटलं. "माया समोर लाव. कुठं मुका हाये ते पाहू दे."

त्याचा चेहरा उतरला. "आता... उद्या लावू का?"

"आत्ता."

त्यानं पिकअप बसवला, वायर मशीनला जोडली. तार छेडली मात्र — सगळं विहार आवाजानं भरून गेलं! ढोलकीवाला वाजवायचा थांबला. इतका स्वच्छ, गोड आवाज... आणि तो माझ्या हातचा होता.

"खोटं काऊन बोलला?"

तो मला बाहेर पायरीपाशी घेऊन आला. चप्पलेनं माती उकरत म्हणाला, "आमच्याकडे शेत नाई, आचल. मोटर नाई. ज्याच्या घरी मोटरच नाई, त्यानं वाइंडिंगच्या दुकानात रोज-रोज यावं कोणत्या कामानं?"

किती गोड बोलला! आणि मला त्याच क्षणी त्याच्या डोक्यात ते गिटार घालावंसं वाटलं. आनंद होता की संताप, माझं मलाच कळेना.

"तीन कामं परत आली. बाबांनं माया हात बंद केला," मी कशीबशी म्हणाले.

त्याला नियम माहीत नव्हता. तो पांढराफटक पडला. "मी... मी काकाले सांगतो."

"काय सांगशीन?"



दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. देवकाबाई आपल्या पाच एचपीच्या मोटरसाठी बाबांशी भांडत होती. तेवढ्यात राजदीप आला. आंघोळ करून, भांग पाडून, आणि घाबरून.

"जय भीम, काका. ते पिकअप... पयला खरंच बारीक वाजत होता. पण बाकी दोन चांगले होते. तुमच्या पोरीचं काम एक नंबर हाये. मी खोटं बोललो."

बाबांनी चष्मा काढला. "कायले?"

सगळं दुकान त्याच्याकडे वळलं. देवकाबाईसुद्धा. मी काउंटरची कडा घट्ट धरली होती. याला पळून जाता आलं असतं, काहीही थाप मारता आली असती...

"इथं येता यावं म्हणून," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मले आचल आवडते, काका."

कुणीतरी खाकरलं. माझे कान तापले. बाबा उठले, फळीवरचा रिलेच्या तारेचा पिकअप घेतला, मीटर लावलं, काट्याकडे नीट पाहिलं. मग तो राजदीपच्या हातात दिला.

"म्हंजे परत आलेलं काम एकच," ते म्हणाले. "आचल, देवकाबाईची मोटर खोल."

बस्, एवढंच. देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग राजदीपकडे. "हिच्याच हातून भरा," ती बाबांना म्हणाली.

मी मोटर पुढे ओढली. तो अजून दारातच उभा. हातात पिकअप, आणि पुढे काय करायचं त्याला ठाऊक नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं! राग संपला नव्हता. पण तो जर आता गेला आणि पुन्हा आलाच नाही, तर?  तेव्हा माझं मला कळलं.

"उद्या... येऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"काय बिघडलं?"

"काईच नाई."

"मंग ये."