नाताळच्या दिवशी एक पान जास्तीचं

हुग्गी गोड करावी की बिनगुळाची ठेवावी, एवढ्या एका प्रश्नानं नीलम्माचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता! चुलीवर खिरीचे कांडलेले गहू रटरटत होते, ताटलीत गूळ फोडून ठेवलेला होता आणि ती मात्र हातातला डाव तसाच धरून उभी होती... देवाच्या मरणाच्या दिवशी गोड खातात का? आपल्यात खातात. आपल्यात माणूस गेलं म्हणजे शिवाच्या घरी गेलं, त्याचं सुतक नाही, आराधनेच्या पंगतीला हुग्गीच लागते. पण त्यांच्यात? त्या किरिस्तावांच्यात काय करतात? औशाच्या पेठेत भांड्यांचं दुकान एकटीनं चालवणारी, भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प बसवणारी ही बाई आज गुळाच्या चार खड्यांपुढं हतबल होऊन उभी होती. शेवटी तिनं निम्माच गूळ घातला. निम्मा मागं ठेवला.

हा सगळा घोळ सिद्धलिंगच्या पत्रानं घातला होता. तिचा धाकटा भाऊ सिद्धलिंग कलेक्टर कचेरीत कारकून. आठ दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं. 'अक्का, लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी इथं माणसं कमीच आहेत, म्हणून सहा महिन्यांसाठी मला नांदेडहून इकडं पाठवलं. आता साहेब विचारतात, इथंच कायम राहता की परत जाता. महिनाअखेर सांगायचं आहे. पंचवीस तारखेला सलोमीच्या लोकांचा नाताळ असतो. तो दिवस तिला आपल्या घरी करू दे. तिला तिथं आपलं वाटलं, तर आम्ही औशालाच येऊन राहू. मी रोज बसनं जाईन-येईन. नाही वाटलं, तर नांदेड...'

नाही वाटलं, तर नांदेड! या ओळीपाशी आली की नीलम्माच्या डोळ्यांपुढची अक्षरं वाहून जात.

वडील आधीच वारलेले; आई गेली तेव्हा सिद्धलिंग सहा वर्षांचा होता आणि ती एकोणिसाची. मुरुडच्या एका आडत्याच्या घरी तिचं लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. तिनं साडी आणि नारळ परत पाठवले आणि भावाला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून आपल्यासाठी म्हणून तिनं काही मागितलं नव्हतं. आणि असा हा जिवापाड वाढवलेला भाऊ चार वर्षांपूर्वी दिवाळीत दारात उभा राहिला तो एका नर्स बाईला घेऊन... कंधारकडच्या एका पाद्र्याची मुलगी, सलोमी! कचेरीत सह्या करून लग्न उरकलेलं. नीलम्मा उंबऱ्याच्या आत उभी होती. ती एवढंच म्हणाली होती, "गळ्यात लिंग बांधून घे, मग आत ये." त्या पोरीनं उंबऱ्याबाहेरूनच वाकून नमस्कार केला आणि ती मागं फिरली. तिच्या मागोमाग सिद्धलिंगही गेला. दार लावताना आपण स्वतःलाच बाहेर काढतो आहोत, हे त्या मानी बाईला तेव्हा कळलं नाही!

आता एक संधी आली होती. पण नाताळ म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला? शेजारपाजारच्या बायकांना विचारावं, तर चार वर्षं ज्यांच्यापुढं मान ताठ ठेवली त्यांच्यापुढं ती वाकवण्यासारखं होतं. तिला त्या धर्माचा एकच दिवस ठाऊक होता. सोलापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात ती आईच्या उशाशी बसली होती तेव्हाचा. एका शुक्रवारी तिथल्या सगळ्या नर्सा पांढऱ्या कपड्यांत गोळा झाल्या होत्या, भिंतीवरच्या क्रुसाला काळं कापड घातलं होतं आणि त्या गाता गाता रडत होत्या. तिनं विचारलं तेव्हा एक जण म्हणाली होती, "आज आमच्या प्रभूचं मरण. तेहेतीस वर्षांचा होता." त्याच आठवड्यात आई गेली. तेव्हापासून त्यांचा मोठा दिवस म्हणजे हाच, हे नीलम्माच्या मनात पक्कं बसलं होतं. तेव्हा उन्हाळा होता खरा, पण त्यांचं पंचांगच निराळं असेल. त्या दिवसाचं नावच नाताळ असणार, दुसरं काय!

तरी खात्रीसाठी तिनं घरच्या जंगम गुरूंना, माणिकप्पा स्वामींना गाठलं.

"स्वामी, दुसऱ्या धर्माच्या मानसाची आराधना आपल्या घरात केली तर चालतंय का?"

"कोण गेलंय?" स्वामी दचकले.

"सिद्धूच्या बायकूचा देव."

स्वामींनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत घातला. "कधी?"

"लई वर्षं झाली म्हणं."

"मग पुण्यतिथी म्हण की! कर बाई, कर. जेवू घालायला कशाचा धर्म आडवा येतोय? बाराच्या सुमाराला येतो मी."

झालं! स्वामींनीच कौल दिल्यावर नीलम्मा तयारीला लागली. दोन वर्षं पाऊस रुसलेला, टँकर तीन दिवसांआड येई, पण तिनं स्वतःच्या अंघोळीला कात्री लावून तीन हंडे पाणी साठवलं. दुकान बंद ठेवलं. बारीक काठाचं पांढरं पातळ नेसली. आणि सगळ्यांची पानं मांडून झाल्यावर भिंतीकडेला एक पत्रावळ जास्तीची मांडली, गेलेल्याच्या नावानं.

दहाची बस आली. दोघं दारात उभी राहिली आणि नीलम्माच्या काळजात चर्र झालं! सलोमी चक्क लालभडक साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. सिद्धलिंगच्या एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात मोठा डबा आणि काखेत रंगीत कागदाची चांदणी.

'मरणाच्या दिवशी लाल साडी? गजरा?...' नीलम्मा गोंधळली. पण पोर आपल्या घरी दुःखाच्या दिवशी आली आहे, हे तिनं मनाला बजावलं. चार वर्षांपूर्वी जिथं उभं राहून तिनं वाट अडवली होती, त्या उंबऱ्यावरून ती आपण होऊन बाहेर आली. तिनं सलोमीचा हात हातात घेतला.

"ये माय, आत ये," ती म्हणाली. "लई वाईट झालं बघ. म्हातारा होऊन गेला असता तर गोष्ट येगळी. ऐन उमेदीत नेला. आपल्या डोळ्यांदेखत पोटचं लेकरू जातंय, अन् माय काहीच करू शकत न्हाई... त्या माऊलीनं कसं सोसलं असंल गं!"

सलोमीच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ती टक लावून नीलम्माकडं बघत राहिली.

सिद्धलिंग मात्र खो खो हसत सुटला! "अगं अक्का, काय बोलायलीस? आज जन्म हाय त्यांच्या देवाचा, जन्म! मरणाचा दिवस उन्हाळ्यात येतो. अन् हे पांढरं पातळ कशाला नेसलीस? बघ, सलोमीनं करंज्या केल्यात, अनारसे, चिवडा... तुझ्यासाठी बिनअंड्याचा केकसुद्धा केलाय."

"करंज्या? हे तर आपलं दिवाळीचं..." नीलम्मा पुटपुटली. एका क्षणात तिला सगळा उमज पडला आणि लाजेनं तिचं सर्वांग पेटलं. चार वर्षांनी पोर दारात आली आणि आपण तिच्या सणाला रडगाणं गायलो! संपलं... आता ही कशाची राहते इथं? गेलं सगळं नांदेडला! ती तशीच मागं वळली, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मागं बांगड्या वाजल्या. सलोमी आत आली होती.

"अक्का, हे पान कुणाचं?"

"उचलते, उचलते." नीलम्मा घाईघाईनं वाकली. "अडाणी हाव मी बाई. काय कळत न्हाई, कुणाला इचारलं न्हाई. तू मनात धरू नको. त्या तुझ्या देवासाठी वाढणार होते... गेलेल्याच्या नावानं."

"उचलू नका, अक्का."

तिचा आवाज इतका वेगळा होता की नीलम्माचा हात जागीच थांबला.

"दोन वर्षांमागं आम्हाला मुलगा झाला होता," सलोमी म्हणाली. ती रडत नव्हती. पत्रावळीकडं बघत बोलत होती. "नऊ दिवसांचा झाला, अन् गेला. नाताळच्याच दिवशी. सकाळी सगळीकडं घंटा वाजत होत्या, अन् ह्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं. तेव्हापासून मी नाताळ केला नाही. ह्यांना वाटलं, तुमच्या घरी केला, गोडधोड केलं तर मी विसरेन. म्हणून ही साडी नेसले, गजरा घातला... ह्यांच्यासाठी. दोन वर्षांत माझ्या लेकराची आठवण काढून कुणी रडलं नाही, अक्का. सगळे म्हणतात, विसर. आज तुम्ही दारात माझा हात धरला, अन् मला वाटलं... कुणीतरी समाचाराला आलंय."

नीलम्मा मटकन खाली बसली! आपल्या सिद्धूचं लेकरू... या घरचा वंश... जन्माला आलं, नऊ दिवस जगलं, मातीत गेलं, आणि आपण इथं बसून पितळी तांबे विकत होतो?

"सिद्ध्या!" तिनं असा टाहो फोडला की सिद्धलिंग धावत आला. "मला कळवलं न्हाईस? माझ्या भावाचं लेकरू गेलं अन् मला कळवलं न्हाईस? एवढी परकी झाले मी?"

सिद्धलिंगचं हसू कुठल्या कुठं विरलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "तू दार लावलं होतंस, अक्का."

नीलम्मानं कपाळ बडवून घेतलं. तिनं सलोमीला ओढून कुशीत घेतलं आणि त्या दोघी, एक पांढऱ्या पातळातली आणि एक लाल साडीतली, चुलीपुढं एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. दाराला टेकून सिद्धलिंगही रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सण कुणाचा, तो जन्माचा का मरणाचा, याची शुद्ध कुणाला राहिली नव्हती.

तेवढ्यात बाहेरून माणिकप्पा स्वामींची हाक आली. ते आत आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, रडलेले चेहरे पाहून त्यांना सारं रीतसरच वाटलं असावं. भिंतीकडच्या पानाकडं बोट करून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बोला, कुणाच्या नावानं जेवायचं?"

नीलम्मानं डोळे पुसले. "स्वामी, सिद्धूच्या लेकराच्या नावानं." आणि मग हलकेच सलोमीला विचारलं, "काय नाव ठेवलं होतं गं?"

सलोमीनं मान हलवली.

"ठेवलं नव्हतं. माझे बाबा म्हणत होते, बाप्तिस्मा देऊन नाव ठेवू. मी म्हटलं, थांबा. ह्यांच्यात नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी आपण औशाला पत्र पाठवू, मुलगा झाला म्हटल्यावर आत्या राग विसरेल, येईल... तो नवव्या दिवशीच गेला. नांदेडला थडग्यावर नुसतं 'सिद्धलिंगचा मुलगा' एवढंच आहे."

नीलम्माचं अंतःकरण विदीर्ण झालं! जिला आपण लिंग नाही म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिनं आपल्यासाठी पोटच्या पोराचं नाव अडवून ठेवलं होतं... आपली वाट बघत ते लेकरू बिननावाचं गेलं! तिच्या मनात एक नाव कितीतरी वर्षं जपून ठेवलेलं होतं. तिच्या वडिलांचं. भावाला मुलगा झाला की त्याच्या कानात सांगायचं म्हणून. या बाईच्या पोटी जन्मलेल्याला ते मिळू नये, असंही ती एके काळी तळतळून म्हणाली होती.

ती उठली. सलोमीजवळ गेली. ज्याच्या कानात सांगायचं तो नव्हता, म्हणून तिनं त्याच्या आईच्या कानाशी तोंड नेलं आणि आत्यानं सांगायचं ते नाव सांगितलं.

सलोमीनं डोळे मिटले. मग मोठ्यानं, जणू कुणाला हाक मारावी तसं, ती म्हणाली, "गुरुबसप्पा."

दाराशी सिद्धलिंगला हुंदका आवरला नाही.

"थडग्यावर घाला ते नाव," नीलम्मा म्हणाली. "चिन्ह तुमच्यातलं असू द्या. मी येते नांदेडला. तुम्ही कुठंबी राहा, मी काय म्हणणार न्हाई."

"जाऊन परत येऊ, अक्का," सलोमी म्हणाली. "राहायचं इथंच."

आणि तिनं पदर खोचला, हुग्गीचं पातेलं उचललं आणि ती वाढायला वाकली. वाकताना गळ्यातला छोटा क्रूस साडीबाहेर आला. नीलम्माची नजर स्वामींकडं गेली. लिंग नसलेल्या हातचं जंगम स्वामींनी आजवर कधी खाल्लं नव्हतं.

स्वामींनी त्या क्रुसाकडं पाहिलं, वाट बघत थांबलेल्या डावाकडं पाहिलं. मग आपलं पान थोडं पुढं सरकवलं.

"वाढ की माय," ते म्हणाले. "गुरुबसप्पाची आई ना तू?"