पोचलं का?

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायला वेळ कुठे आहे? मुलगी झोपली की जेवढं मिळतं, तेवढंच माझं.

गोष्ट भर दुपारची आहे. माझ्याच स्वयंपाकघरातली.

बाबा गेले तेव्हा मला सातवा महिना होता. जाण्याआधी त्यांनी नातवंडासाठी एक अंगाई स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. ती होती माहेरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. आणि त्याची डिस्क आता खरखरायला लागली होती.

"आज निघाली तर निघाली," दादा फोनवर म्हणाला. "एकदा बंद पडला की परत उठायचा नाही तो. मी इकडून पाठवायला लावलंय, आता आईला घेऊन बाहेर पडतोय. तू तुझा कॉम्प्युटर चालू ठेव, आणि भाचीला कीबोर्ड चाटू देऊ नकोस."

फाइल तुकड्यातुकड्याने येत होती. एक तुकडा पोचल्याची खूण इकडून गेली की मग पुढचा निघायचा. मी मुलीला मांडीवर थोपटत टक्के बघत बसले.

अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं... आणि थांबलं.

मी दादाला फोन लावला. पलीकडचा कॉम्प्युटर झोपला होता.

"अरे देवा, ती सेटिंग बदलायची राहिली," दादा म्हणाला. "कुणीतरी माऊस हलवायला हवा. आणि मी आईला डोळे तपासायला आणलंय. घराला कुलूप आहे."

"मग?"

"डोळ्यांत औषध घातलंय तिच्या. तासभर तरी हलता येणार नाही."

मी फोन ठेवला. मुलीच्या जावळावरून हात फिरवत राहिले. आजोबांचं एवढंच तर मिळणार होतं तिला.

आणि मग...

टक्के पुढे सरकले.

फाइल पूर्ण आली. खाली निरोप लिहायची चौकट असते ना, तिथे अक्षरं उमटली.

"पोचलं का?"



ही बाबांची सवय. मी नोकरीसाठी बाहेरगावी होते तेव्हा काहीही पाठवलं की विचारायचे. शंभर टक्के दिसले तरी त्यांचा भरवसा नसायचा. मी "पोचलं" लिहीपर्यंत खुर्चीतून उठायचे नाहीत. आई ओरडायची, "अहो, जेवण गार झालं. तिने बघितलं नसेल अजून." ते ढिम्म हलायचे नाहीत.

मी परत दादाला फोन लावला. मागे दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"तू विचारलंस?"

"काय? अगं, मी आईचा हात धरून बसलोय इथे."

मी फाइल लावली. बाबांचा आवाज. अंगाई संपली, तरी रेकॉर्डिंग चालूच होतं. खुर्ची करकरली... मग नुसताच श्वास. वाट बघणाऱ्या माणसाचा.

मुलगी झोपेत हसली.

संध्याकाळी दादाने कुलूप काढलं. कॉम्प्युटर बंद पडला होता, पुन्हा सुरू झालाच नाही. बाबांची खुर्ची मात्र बाहेर ओढलेली.

"मी ती आत सरकवून निघाले होते," आई एवढंच म्हणाली.

तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. माझ्याकडची ती चौकट मी अजून बंद केलेली नाही. उत्तरही दिलेलं नाही.

"पोचलं" म्हटलं, तर बाबा उठून जातील.

नाही म्हटलं, तर... तसेच बसून राहतील. न जेवता.

आत्ता हे लिहितेय, मुलगी शेजारी झोपलीय. आणि चौकटीत पुन्हा अक्षरं उमटलीयत...

"बाळा, पोचलं का?"