बेगलला सहा गुण

"इथे कुणी बसलंय का?" असं विचारून मी त्याच्या समोरची खुर्ची ओढली. दुसरी रिकामी खुर्चीच नव्हती दुकानात. त्याने मानेनेच 'बसा' म्हटलं आणि आपला चहाचा ग्लास थोडा स्वतःकडे ओढला.

जानेवारीतला रविवार होता. नाशिक रोडहून देवळाली कॅम्पपर्यंत स्कूटीवर येताना माझी बोटं पार गारठली होती. आठवडाभर मी विमा कंपनीच्या ऑफिसात फायलींत डोकं घालून बसते. रविवारी मात्र कुठेतरी नवा नाश्ता करायचा, त्याचा छोटासा व्हिडिओ काढायचा आणि दहापैकी गुण द्यायचे, हा माझा छंद. व्हिडिओत फक्त माझा हात दिसतो आणि आवाज ऐकू येतो. त्यामुळे दुकानदार मला ओळखत नाहीत, आणि गुण देताना भीडही पडत नाही.

कॅम्पातल्या एका बेकरीत 'बेगल' नावाचं काहीतरी मिळतं, असं ऐकलं आणि मला राहवेना.

प्लेट आली. मेदूवड्यासारखं मधोमध भोक, वर तीळ, अंगावर तकतकीत तपकिरी रंग. आडवं कापून आत ऑम्लेट आणि चीज भरलेलं. मी मोबाईल सरसावला आणि घास घेतला. बाहेरून किंचित कुरकुरीत... आतून मऊ, पण असं की दातांना जरा काम करावं लागावं.

"कसं आहे?" समोरच्याने विचारलं.

"पाव झकास आहे. असा पाव मी कधी खाल्लाच नाही. पण अंडं — रबर झालंय अगदी. आणि तिखट कुठेय? नाशकात राहून इतकं अळणी?"

"मग किती द्याल? दहापैकी?"

"सहा."

तो ग्लासात तोंड लपवून हसला. "पाव मी केलाय. अंडं माझ्या बहिणीचं. जरा हळू बोला, ती मागेच उभी आहे."

मी मागे वळून पाहिलं. हातात झारा घेतलेली एक मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. त्या क्षणी टेबलाखाली जाता आलं असतं तर मी गेले असते.

त्याचं नाव लखन. बहीण पायल. बेकरी त्यांच्या वडिलांची — खारी, टोस्ट, नानकटाईवर चाललेली. लखन कॅनडात हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेला, टोरांटोत एका बेगलच्या दुकानात कामाला लागला आणि वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा परत आला. हे सगळं त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, कारण मी प्रश्न विचारायचे थांबतच नव्हते.

"हे भाजण्याआधी पाण्यात उकळता? खरंच?"

"या ना. दाखवतो."

आतल्या खोलीत मोठ्या पातेल्यात पाणी खदखदत होतं. त्याने कणकेची कडी अलगद सोडली. ती बुडाली... आणि जरा वेळाने गोल फिरत वर आली. वाफेने माझा चष्मा धुरकटला. तो पुसून घातला तेव्हा लखन पातेल्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

व्हिडिओत मी सहाच गुण दिले. जिवावर आलं, पण दिले. पुढच्या रविवारी दुकानाबाहेर ही गर्दी!

"सहाच का, ते बघायला येतायत लोक," पायल म्हणाली. तिचा राग आता गेला होता. ऑम्लेटमध्ये हिरवी मिरची आणि कोथिंबीर आली होती, आणि अंडं मऊसूत झालं होतं.

त्यानंतर मी दर रविवारी कॅम्पात. व्हिडिओ नसला तरी. लखन काहीतरी नवं करून पुढ्यात ठेवायचा — कधी आत ठेच्याचा हात, कधी भाजलेला कांदा — आणि कोपर टेबलावर टेकवून विचारायचा, "बोला योगिनी मॅडम, काय चुकलं?" मीही शोधून शोधून चूक काढायचे. चूक निघाली की त्याला कोण आनंद! ज्याला नावं ठेवलेली आवडतात असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. हा नक्की आहे तरी कसा, याचा विचार मी ऑफिसात फायल उघडी ठेवून करायला लागले होते.

मग फेब्रुवारीतला तो रविवार. मी घास घेतला आणि... खारट! नुसतं खारट नाही, मिठागरात बुडवून काढल्यासारखं. मी वर पाहिलं. लखनचे डोळे लाल होते, झोप झाली नसावी. हातातलं फडकं तो उगाच पिळत होता. मला चूक सांगवेना. मी घोटभर पाणी प्यायले.

"छान आहे," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"काहीच नाही. मस्त झालंय."

त्याने फडकं खाली ठेवलं. "मी मीठ दोनदा घातलं होतं. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तू खरं बोलतेस का, ते बघायचं होतं."

तो मला 'तू' म्हणाला हे माझ्या लक्षात आलं, पण कानशिलं आधी तापली. "माझी परीक्षा घेत होतात? कुणी सांगितलं होतं?" मी पर्स उचलली आणि तडक बाहेर पडले. स्कूटीला किल्ली लागेना. मी चिडले होते की खोटं बोलताना पकडले गेले होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

तो मागोमाग आला. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

"टोरांटोहून फोन आलाय. जुने मालक परत बोलावतायत. या आठवड्यात कळवायचंय," तो म्हणाला. "बाबा आता हिंडतात-फिरतात, पायल दुकान सांभाळेल. इथे थांबायला मला कारणच नाही... म्हणजे, आहे की नाही, तेच कळत नव्हतं. तू सँडविचसाठी येतेस की—"

"म्हणून मीठ?"

"विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, सँडविचसाठी येत असशील तर चूक काढशील; माझ्यासाठी येत असशील तर गिळशील."

"मग आता विचारा. सरळ. मिठाबिठाशिवाय."

त्याने तोंड उघडलं, तोच लष्कराचा एक ट्रक धडधडत गेला.

"मी थांबलो तर... चालेल तुला?"

"नाही," मी म्हटलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला पुढचं वाक्य घाईने बोलावं लागलं. "माझ्यासाठी म्हणून थांबू नकोस. उद्या काही बिनसलं की मला बोल लावशील. तुला हे दुकान आवडतं का?"

तो वळून दुकानाकडे बघत राहिला. काचेआड पायल आम्हाला बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. "आवडतं," तो म्हणाला. "खूप. तिथे मी दुसऱ्याचे बेगल करायचो."

"मग दुकानासाठी थांब. आणि मी..." मी किल्लीशी चाळा केला. "मला तू आवडतोस. कधीपासून, ते विचारू नकोस."

त्याने ते विचारलं नाही. माझ्या हातातून किल्ली घेतली, स्कूटी सुरू करून दिली आणि हँडलवरच्या माझ्या हातावर त्याचा हात जरा जास्तच वेळ राहिला. तो ऊन ऊन होता.

मी स्कूटी परत बंद केली आणि घरी फोन लावला.

"आई, दुपारी एक जण जेवायला येतोय माझ्याबरोबर."

"अगोबाई! कोण गं? काय करतो?"

"बेगल करतो."

"ते काय असतं?"

मी लखनकडे पाहिलं. तो कान टवकारून ऐकत होता.

"तोच सांगेल," मी म्हटलं. "तुला काय काय विचारायचंय, ते ठरवून ठेव."