ताईच्या भिंतीवरचा सोरा

जिथं लोक नाक धरतात, तिथं मी जीभ लावतो. धंदाच तसा आहे. जुन्या तबेल्यांच्या, मोऱ्यांच्या भिंतींवर पांढरी लव येते, तो सोरा. खरवडायचा, पाण्यात विरघळवून आटवायचा. थोडा मांस टिकवणारे नेतात, बाकी सगळा बारूदखान्यात जातो. अस्सल सोरा जिभेला गार लागतो. आणि जिथं माणसाजनावरांचा वावर नाही, ओल नाही, तिथं तो धरत नाही.

म्हणून ताईच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर तीच लव पाहून मी चक्रावलो. खोली वरच्या मजल्यावर, कोरडी ठणठणीत.

भावोजी बारूदखान्यातच कामाला होते. हिवाळ्यात तिथं भडका उडाला. बाकीचे सापडले, भावोजींचं साधं बटणही हाती लागलं नाही. तेव्हापासून ताई एकटी राहत होती आणि वाळत चालली होती. गालफडं बसलेली, आवाज खोल गेलेला. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं होतं. ती हातची जाईल, या धास्तीनं माझा जीव अर्धा झाला होता.

"माझ्याकडे चल. इथं एकटी मरशील तू."

"एकटी कुठाय रे मी?" ती हसली.

मी खुरपं काढलं. लव पलंगाच्या एकाच बाजूला होती, भावोजी झोपायचे त्या. उशीपासून पायथ्यापर्यंत. सवयीनं चिमूटभर जिभेवर ठेवली.

ती गार नव्हती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी कोमट होती.

मी थुंकलो. भिंतीपलीकडे कुणाची चूल असेल म्हणून बाहेर सज्जात जाऊन पाहिलं. पलीकडे काहीच नव्हतं. सावलीतली भिंत बाहेरून हाताला गारठा देत होती.

परत येऊन मी खरवडायला लागलो.

"हळू रे," ताई दारातून म्हणाली. "ह्यांना लागतं."

मी ऐकलं नाही. पार विटा दिसेपर्यंत भिंत सोलली आणि संध्याकाळच्या आत ताईला घरी आणलं. खरवड पोत्यात भरून सोबत घेतली. सोरेवाला चिमूटही वाया घालवत नाही. पोतं परसात ठेवलं, ताईला नव्या चुन्याची खोली दिली.

ती जेवू लागली. बायकोशी गप्पा मारू लागली. मी सुटलो म्हटलं.

मग एका सकाळी पोतं आटवायला उचललं, तर हाताला नुसतं कापड आलं. गाठ मी मारली होती तशीच होती.

मी धावतच ताईच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका रात्रीत तिचे गाल पुन्हा आत गेले होते. पलंगाशेजारची नवी भिंत उशीपासून पायथ्यापर्यंत पांढरी झाली होती.

"बरं झालं, तूच आणलंस ह्यांना," ती पुटपुटली.

मी खुरपं उचललं.

ते टेकायच्या आधीच भिंतीवरची लव शहारून उभी राहिली.