विंडशील्डला सहा भोकं

तो आमच्या दुकानात शिरला तो उलटा. मोटरसायकलची विंडशील्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. दार ढकलायला हात मोकळा नाही, म्हणून पाठीनंच दार ढकललं आणि समोरच्या रस्त्याकडे बघतच विचारलं, “काचेची कामं इथेच होतात ना?”

“काचवाले पलीकडच्या गल्लीत. आम्ही पाट्या बनवतो,” मी त्याच्या पाठीला सांगितलं.

तो वळला. बाहेर भुरभुर पाऊस होता. केसांवर, पापण्यांवर बारीक थेंब… आणि चेहरा असा, जणू घरात कुणी अंथरुणाला खिळलंय. “बरं,” म्हणून तो परत निघाला. मी उगाचच — अगदी उगाचच — म्हटलं, “थांबा. बघू तरी.”

त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली. खाली डाव्या कोपऱ्यात एक ओबडधोबड भोक होतं आणि त्यातून बोटभर लांबीची भेग वर सरकली होती.

“ही काच नाहीच. ॲक्रिलिक आहे,” मी म्हणाले. “हे भोक कुणी पाडलं?”

“मी.”

“कशानं?”

“घरच्या ड्रिलनं. भिंतीला फळी ठोकायला आणलं होतं…”

“ड्रिलला भिंतीचंच बिट लावून?”

“ओरडू नका ना. कळलंय मला.”

“मी कुठे ओरडतेय?”

“मनात ओरडताय. दिसतंय.”

मला हसू आलं. तोही हसला, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस जरा उठून बसल्यासारखं वाटलं.

तो जनावरांचा डॉक्टर होता. महिन्याभरापूर्वी इथे बदलून आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला डोंगरावरच्या वस्त्यांत लसीकरणाला जायचं होतं, चांगले तीन आठवडे. चारचाकी तिथं चढते ती अर्ध्याच वाटेपर्यंत, पुढे मोटरसायकलच.

“मागच्या पेटीत सगळं भरलेलं असतं,” तो सांगत होता. “गेल्या आठवड्यात एक गाय फुगली. पोटातली हवा काढायची नळी पेटीच्या तळाशी! ती सापडेपर्यंत… गाय वाचली हो, पण माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी झालं. म्हणून या दोन पिशव्या घेतल्या. विंडशील्डच्या आतल्या बाजूला, हाताशी. म्हटलं, सहा भोकं तर पाडायचीत, त्यात काय!”

“त्यात काय,” मी भेगेवरून बोट फिरवलं. “नवीन का नाही घेत?”

“ही गाडी बनायची बंद होऊन बारा वर्षं झाली. हिच्याशिवाय वर गेलो तर वाऱ्यानं गोठून जाईन, आणि एवढं सामान खांद्याला लटकवून त्या वळणांवर… तुम्ही कराल का?”

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. दुकान मामाचं. वर्षापूर्वी एका हॉटेलची आठ फुटी पाटी शेवटच्या भोकाला माझ्या हातून फुटली होती, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी. सगळी पाटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामा तेव्हा रागावला नाही, आणि तेच वाईट झालं. फक्त म्हणाला, “भिंगरी, यापुढे भोकं माझ्याकडे, अक्षरं तुझ्याकडे.” तेव्हापासून मी अक्षरं चिकटवत होते. आणि मामा आत्ता दाढ काढायला गेला होता.

मी डॉक्टरला हे सगळं सांगितलं. लपवून ठेवणं बरं वाटेना.

त्यानं आपण पाडलेलं भोक अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाला, “माझ्या पहिल्या गाईला दिलेलं इंजेक्शन तिच्या मालकाला लागलं होतं.”

“काय सांगताय!”

“दंडात. सुई आरपार. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला परत बोलावलं. म्हणाला, आता तुम्ही जपून कराल.” त्यानं विंडशील्ड माझ्याकडे सरकवली. “तुम्ही पण जपूनच कराल.”

आधी जागा ठरवायच्या होत्या, त्यासाठी काच गाडीवर हवी. दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही ती परत बसवली. तो सीटवर बसला, मी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिले, हातात मार्कर. पिशव्या त्यानं आतून धरायच्या, खुणा मी बाहेरून करायच्या.

“हँडल डावीकडे वळवा. पूर्ण… आता उजवीकडे. पिशवी टाकीला घासतेय, बोटभर वर घ्या. हं. आता हलायचं नाही. सरळ समोर बघा.”

“बघतोय.”

“रस्त्याकडे.”

“रस्त्यात तुम्ही आहात.”

मी मान वर केली. मध्ये फक्त ती पारदर्शक काच होती, तिच्यावर पावसाचे चार थेंब, आणि त्याचे डोळे वीतभर अंतरावर. पहिली खूण वाकडी आली. ओल्या फडक्यानं पुसून दुसऱ्यांदा केली, ती त्याहून वाकडी.

“मी डोळे मिटू का?” त्यानं साळसूदपणे विचारलं.

“मिटाच!”

मिटले त्यानं. पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही त्याला मिटता आलं नाही.

खुणा झाल्यावर काच परत टेबलावर आली. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, खाली लाकडाची फळी, वरून शिकंजे. ॲक्रिलिकसाठीचं बोथट धारेचं बिट मामाच्या खणात होतं, ते काढताना चोरी केल्यासारखं वाटलं. आधी भंगारातल्या एका तुकड्यावर तीन भोकं पाडून पाहिली.

“पहिलं भोक भेगेच्या टोकाला,” मी त्याला — खरं तर स्वतःलाच — समजावलं. “बारीकसं. मग भेगेला पुढे जायला वाट राहत नाही.”

“आणि चुकलं तर?”

“तर ती थेट वरपर्यंत जाईल.”

“मग मी बोलत नाही,” म्हणून त्यानं हाताची घडी घातली.

ड्रिल सुरू झालं. दाबायचं नाही, बिटला आपलं आपण उतरू द्यायचं… पांढरा भुगा वर आला. थांबले, फुंकर मारली, बिट निवू दिलं, परत सुरू केलं. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं पडत होतं. कट्‌ असा आवाज येईल, आत्ता येईल… नाही आला. बिट अलगद लाकडात उतरलं. भेग जिथल्या तिथे थांबली होती.

मग पिशव्यांची भोकं. एक. दोन. तीन. प्रत्येक भोकानंतर डॉक्टरनं तोंडातून सोडलेला श्वास मला ऐकू येत होता. चौथं. पाचवं. आणि सहाव्यावर बिट टेकवताना मी सहज वर पाहिलं —

दारात मामा.

गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. किती वेळ उभा होता देव जाणे. त्याच्या डोळ्यांत सगळी बाराखडी दिसत होती, पण बोळ्यामुळे एक अक्षर बाहेर पडेना. “म्मम्म!” एवढंच म्हणाला तो. माझा हात ड्रिलवरच थिजला. आठ फुटी पाटी डोळ्यांसमोर फुटली, पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मामा,” मी म्हणाले, “पाच झालीत. सहावं मीच पाडणार.”

मामानं माझ्याकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. वाकून पाचही भोकांवरून अंगठा फिरवला, एकेक, सावकाश. मग सरळ खणाकडे गेला, रबरी वॉशरची डबी काढली आणि माझ्या कोपराशी ठेवली. आणि खुर्ची ओढून, हात मांडीवर घेऊन, समोर बसला.

सहावं सगळ्यांत स्वच्छ पडलं.

डॉक्टरनं एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मामा बोळ्यासकट हसला आणि लगेच गाल धरून कळवळला. मी रबरी वॉशर घालून स्क्रू आवळले, बोटानं बसतील तेवढेच, कारण जास्त पिळलं की ॲक्रिलिक रुसतं. पिशव्या अशा बसल्या, जणू गाडी त्यांच्यासकटच जन्माला आली होती. त्यानं माझा फोन नंबर घेतला. “काही तुटलं तर कळवायला,” म्हणाला.

“आणि नाही तुटलं तर?”

“तरी कळवायला.”

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी निरोप यायचा. “सहाही जागेवर.” खाली एक फोटो. कधी पिशवीत तोंड घातलेलं कोकरू, कधी काचेपलीकडचं धुकं. मग निरोप लांबले. कुठली म्हैस चावरी निघाली, कुठल्या वस्तीत त्याला घोंगडीखाली झोप लागली नाही, आणि का लागली नाही… मी उत्तरं लिहायची, खोडायची, परत लिहायची. मामा अक्षरं चिकटवता चिकटवता म्हणायचा, “भोकं तुझ्याकडे, भिंगरी. मी बघतो ही अक्षरं. तुला सध्या फोनमधल्याच अक्षरांचं फार काम आहे.”

एकोणिसाव्या दिवशी निरोप आला नाही. विसाव्याही नाही. फोन लागेना.

मी रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक. नक्की एखादा स्क्रू सैल झाला असणार… काच वळणावर तडकली असणार… माझ्याच हातची. सकाळी दुकान उघडायच्या वेळी मामा व्हॅनची किल्ली बोटात फिरवत उभा होता. “चल. तुझ्या भोकांची तपासणी करून येऊ.”

डॉक्टर कुठल्या वस्तीवर आहे ते वाटेत विचारत दोन तास चढलो. रस्ता संपला तिथे व्हॅन लावून पायवाटेनं वर निघालो, आणि एका गोठ्याबाहेर मला ती मोटरसायकल दिसली. चिखलानं माखलेली. पण काच — अख्खी! भेग होती तिथेच होती. मी धावत आत गेले.

डॉक्टर जमिनीवर पालथा होता, हात खांद्यापर्यंत गाईत.

“आत्ता नको, काकू,” तो न बघता ओरडला, “पाय दुमडलाय वासराचा… आला, आला! कुणीतरी दोर धरा!”

काकू म्हणजे गाईची मालकीण, ती पाणी आणायला गेली होती. दोर मी धरला. मामानं माझ्यामागे धरला. “तिनं कळ दिली की ओढा. आत्ता!” आम्ही ओढलं. पाय निसटले, आम्ही सगळे गवतात कोसळलो आणि आमच्या पाठोपाठ एक ओलंचिंब वासरू. डॉक्टरनं त्याचं नाक पुसलं, गवताच्या काडीनं गुदगुल्या केल्या. वासरू शिंकलं. जगलं!

तेव्हा कुठे त्यानं वळून पाहिलं, दोर कुणी धरलाय ते.

“तुम्ही?”

“तुमचा फोन…”

“पाण्याच्या टाकीत पडला. परवा.” तो उठून उभा राहिला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कोपरांवरून ओघळ. “मला तुम्हाला एक सांगायचं होतं. खाली आल्यावर, नीट, इस्त्रीचा शर्ट घालून. आता हात धुतल्याशिवाय कसं…”

“धुऊ नका. सांगा.”

“मला तुम्ही आवडता. ओल्या फडक्यानं खूण पुसत होतात ना, तेव्हापासून.” त्यानं वासराकडे पाहिलं. “उत्तराची घाई नाही.”

“मला आहे,” मी म्हणाले, आणि त्याचा हात होता तसाच धरला.

दारात काकू बादली घेऊन उभी होती. “डॉक्टर, आधी बाजूला व्हा,” ती म्हणाली, “वासराला आईकडे जायचंय.”

लसीकरणाची ती शेवटचीच वस्ती होती. दुपारी उतरायची वेळ झाली, तेव्हा डॉक्टरची गाडी घेऊन आम्ही व्हॅनपाशी आलो. मामा व्हॅनमध्ये बसला, शेजारची सीट रिकामी, मागे तर अख्खी बैठक रिकामी. त्यानं काच खाली केली.

“जागा नाही गं,” तो म्हणाला, आणि एकटाच निघून गेला.

मी डॉक्टरच्या मागे बसले. ऊन पडलं होतं. समोरच्या काचेत सगळी दरी, सगळे उतार, सगळं आभाळ. पहिल्याच वळणावर मी त्याचा खांदा घट्ट धरला.

“हळू चालव ना!”

गाडी पुढे गेली. आणखी एक वळण गेलं. मग त्याच्या लक्षात आलं. ‘चालवा’ नाही… ‘चालव’.

तो असा मोठ्यानं हसला की खालच्या वळणावर मामानं हॉर्न वाजवून उत्तर दिलं.