फिरत्या सीटचा पट्टा

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमचं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. चव्वेचाळीस वर्षं मी तिथे सीट शिवते. आता डोळे अधू झालेत, सुईत दोरा सून ओवून देते, पण रेक्झिनवरची शिवण अजून माझीच. माझ्या नवऱ्यानं, दुर्गेशच्या बाबांनी, एक रीत घालून दिली होती. नवी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की जिनं सीट शिवली तिनं मागे बसायचं. "खोट असंल तर तिलेच आधी टोचू दे," असं ते हसत म्हणत. ते स्वतः पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. उतरताना सीटचा पट्टा कधी झटक्यानं सोडत नसत. हातात धरून हळूहळू वर नेत, नव्या पत्र्याला ओरखडा नको म्हणून. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

यंदा दिवाळीनंतर माझ्या मुलानं, दुर्गेशनं, पहिली कॅम्पर व्हॅन बांधून पुरी केली. नागझिऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गोंदियाच्या एका बाईंनी ती बांधायला सांगितली होती. मागची सीट उलगडली की दोघांची झोपायची सोय, छोटी शेगडी, आणि पुढची डावी सीट फिरती. गाडी उभी असली की खिट्टी ओढायची, सीट मागे वळते, समोरासमोर बसून चहा घेता येतो. नियम मात्र कडक. गाडी चालू असताना सीटचं तोंड पुढेच हवं, लॉक पक्कं हवं. लॉक सुटलं तर ड्रायव्हरसमोर लाल दिवा. सीटवर वजन असून पट्टा लावलेला नसला तर बझर. तपासणीत हे पास झालं नाही तर दुर्गेशची दोन वर्षांची मेहनत शेडमध्येच उभी राहणार होती.

त्यानं आधी स्वतःच चाचणी घेतली. सीटवर रेतीची पोती बांधली, चेनपुलीनं पट्टा पुढे ओढला आणि ताण दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राहिला. पत्रा कुरकुरला. लॉक तसूभर हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिरोड्याच्या रस्त्यानं निघालो. दुर्गेश चालवत होता, मी रीतीप्रमाणे मागे, पुढची सीट रिकामी. धानाची कापणी झाली होती, रस्त्यावर तणस सांडलेलं. ओल्या तणसाचा वास गाडीत येत होता. कालव्याचा लहान पूल दिसला आणि खट् आवाज झाला. लाल दिवा लागला. सीट सावकाश वळली, अगदी माझ्याकडे तोंड होईपर्यंत, आणि थांबली.

दुर्गेशनं गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं. लॉकचे दात कोरे करकरीत होते.

पुढच्या तीन दिवसांत त्यानं लॉक दोनदा बदललं. मी मागे असले की पुलाजवळ सीट वळायची. मी नसले की नाही. हे त्यानं मला सांगितलं नाही, सुनेनं, चंचलनं सांगितलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "माय, उद्या तू नको येऊ. साहेब येऊन राहिले. एकदा पास होऊ दे."

"काऊन?"

त्यानं ताटातून मान वर केली नाही. "तुले माहीत आहे."

त्याला एवढंच ठाऊक होतं की बाबा त्या पुलाजवळ गेले. पुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही तणस असंच सांडलेलं होतं. झाडू नावाचा आमचा मिस्त्री गाडी चालवत होता. मागच्या सीटला, माझ्या शिवणीत, एक टाका उसवलेला मला दिसला. मी हाक मारली, "अवो, इकडं पाहा जी, टाका उसवला." पट्टा लावून पूर्ण मागे वळता येत नाही. त्यांनी तो काढला आणि माझ्याकडे वळले. तेवढ्यात गाय आडवी आली. ब्रेक लागला. त्यांचं तोंड शेवटपर्यंत माझ्याकडेच होतं.

मी घरी राहिले असते तर सीट पास झाली असती. पण पुढे कधी त्या गाडीत मागे बसून एखादीनं आपल्या माणसाला हाक मारली तर? सकाळी मी लुगडं बदललं आणि जाऊन मागे बसले.

तपासणीचे साहेब वयानं दुर्गेशहून लहान, हिमांशू नाव. ते माझ्या शेजारी बसले, कागद मांडीवर ठेवून. वाटेत त्यांनी शिवणीवरून हात फिरवला आणि चांगली आहे म्हणाले.

पूल दिसू लागला.

खट्.

लाल दिवा लागला. साहेबांनी कागदावरून नजर उचलली. सीट सावकाश वळत होती.

ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि बझर वाजू लागला. पट्ट्याचा.

"सीटवर तर कोणीच नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

रेक्झिन मधोमध दबलं होतं. मी शिवलेलं. त्यावरचा ताण मला कळतो.

मी पुढे वाकले.

"अवो," मी म्हटलं, "टाका घातला मी. आता मागं नका पाहू जी. समोर पाहा. पट्टा लावा."

गाडी पुलावर आली. सीट समोर फिरली. लॉक बसलं.

बझर थांबला.

साहेबांनी आणखी चार वेळा गाडी पुलावरून न्यायला लावली. सीट हलली नाही. शेडमध्ये आल्यावर त्यांनी वाकून लॉकचे दात बोटानं चाचपले. उद्या पोती बांधून पुन्हा ओढू, मगच सही, असं म्हणाले आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी सही झाली.

पण हे त्या दिवशीचं सांगते. साहेब गेले तेव्हा रिकाम्या सीटवरचा पट्टा अडकवलेलाच होता, पाठीपासून हातभर पुढे ताणलेला. दुर्गेशनं तो सोडायला हात नेला आणि मागे घेतला. मग तो उतरून शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी बसूनच होते.

"पोचलो जी," मी म्हटलं. "उतरा आता."

पट्ट्याचं बक्कल सुटलं. पट्टा झटक्यानं गेला नाही. बोट बोट करत, हळूहळू, तो वर सरकत गेला, नव्या पत्र्याला कुठेही न लागता.