आठ अक्षरांचा बोर्ड

तो पत्र्याचा बोर्ड आधी माझ्या कोपराला लागला, मग त्याच्यामागून तो दिसला.

"सॉरी हं... फार लागलं का?"

"लागलं. पण आज कोपराकडे बघायलाही वेळ नाही."

सकाळपासून सव्वीस लग्नपत्रिकांचा मजकूर लावून झाला होता. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची लग्नं सजवायची, आणि घरी गेलं की वहिनीचं 'आता तुझं काय?' ऐकायचं... वैताग नुसता!

बोर्डावर लिहिलं होतं - 'घड्याळ दुरुस्ती'. जुन्या वळणाची, वेलबुट्टीची अक्षरं. प्रत्येकाच्या शेपटाला गिरकी. मी बघतच राहिले.

"बाबांनी रंगवलीयत. ते गेले... आता दुकान आवरतोय. ताई म्हणते, माझ्या शहरात ये, इकडेच नोकरी बघ. तर 'दुकान बंद' अशी पाटी हवी होती. याच अक्षरांत."

"जोडाक्षरं फोडून धरली तरी यात आठच अक्षरं आहेत. क, न, ब मला नवीन काढावे लागतील."

"काढा ना. मला घाई नाही."

दोन दिवसांनी तो परत हजर. "'ग्राहकांचे आभार' पण घालूया?" पुढच्या आठवड्यात, "'क्षमस्व' राहिलंच की!"

मी चिडले. "अहो, ही अक्षरं दोन-चार शब्दांपुरती असतात. मोठी लावली तरच शोभतात. एवढं पुराण लिहिलंत तर वाचणाऱ्याचे डोळे फुटतील!"

तो हसला. हातातला चहाचा कप त्याने माझ्या टेबलावर ठेवला - कागदांपासून लांब, अगदी कडेला. इथे एवढी काळजी कुणी घेत नाही. मला उगाचच बरं वाटलं.

मग आला 'खिडकीबाहेरच्या झाडाचे आभार'.

"नोटिशीत झाड कशाला?"

"ख आणि झ... तुम्ही अजून काढले नव्हते."

मी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तीन आठवडे तुम्ही मुद्दाम...?"

"अक्षरं संपली की पाटी तयार. पाटी तयार झाली की मला जावं लागणार." त्याचे कान लाल झाले होते. "रविवारची गाडी आहे."

रागवायचं होतं मला. त्याऐवजी रडूच यायला लागलं. दमले असेन, असं स्वतःला सांगितलं. पण ते काही खरं नव्हतं. हा माणूस मला जायला नको होता.

शनिवारी मी त्याच्या हातात गुंडाळी दिली. त्याने तिथेच उघडली. आत एकच शब्द होता, कागदभर - 'थांबा'.

"थ कधी काढलात? मी तर मागितला नव्हता..."

"मला हवा होता."

 त्याने गुंडाळी पुन्हा नीट केली आणि तो निघून गेला.

रविवारी सुट्टी होती, तरी माझे पाय त्याच्या दुकानाकडेच वळले. शटर अर्धं वर होतं. बोर्ड पुन्हा जागेवर टांगलेला. दारावर माझा कागद. शेवटच्या 'बा'च्या कान्यावर चिठ्ठी चिकटवून पेनाने 'लो' काढला होता. 'थांबलो'.

मी बाहेरूनच म्हणाले, "ल ची गिरकी उलटी झालीये."

"मग शिकवा ना," तो आतून म्हणाला. "मला घाई नाही."